एका यंत्रात दोन बिऱ्हाडं

आमच्या मोठ्या वहिनीबद्दल कुणी विचारलं तर मी दोनच गोष्टी सांगते. आजारपणात उशाशी बसावं तर तिनेच. आणि तिच्यासमोर दुसऱ्या कुणाचं कौतुक करू नये, एवढं आपण सांभाळावं.

एकदा माझ्या तोंडून निघून गेलं, समोरच्या शिंपीणबाई काजं किती सुरेख करतात म्हणून.  त्यानंतर दादाचे सदरे एकामागून एक कपाटातून बाहेर आले, त्यांची काजं उसवली गेली आणि नव्याने केली गेली. दादा बिचारा तोवर बनियनवर छापखान्यात उभा. गिऱ्हाइकांनी विचारलं तर म्हणाला, "घरात स्पर्धा चालू आहे. स्पर्धक एकच आहे, पण चालू आहे."

खाली छापखाना आणि वर घर, असं आमचं आहे. पुढे काउंटर, तिथे बाबा बसतात. मागे छपाईचं यंत्र, तिथे दादा. भिंतीकडेला कागद कापायचं यंत्र, ते माझ्याकडे. छापलेले ताव कापायचे, घड्या घालायच्या, गठ्ठे बांधायचे. आणि काउंटर आणि यंत्र यांच्या मधोमध, खिडकीखाली, कॉम्प्युटरचं टेबल आणि वहिनीची खुर्ची. खुर्चीवर तिने स्वतः शिवलेली उशी. त्या उशीवर दुसरं कुणी टेकलं की तिला वरच्या मजल्यावर असूनही कळायचं, असं दादा म्हणतो.

ती खुर्ची तिला कुणी दिलेली नव्हती. ती या घरात नवी नवरी म्हणून आली त्याच सुमाराला बाबांनी पहिला कॉम्प्युटर आणला. आणला खरा, पण त्याला हात कोण लावणार? बाबा त्याच्याकडे लांबून बघायचे, जणू तो चावेल. दादाचे हात कायम शाईचे. मी तर तेव्हा सरळ नाही म्हणाले. वहिनी माझ्यासारखीच मराठी शाळेत शिकलेली, इंग्रजी यथातथाच. पण ती पदर खोचून बसली. पडद्यावरचे इंग्रजी शब्द तिने वाचले नाहीत, ते चित्रासारखे पाठ केले. कुठल्या कोपऱ्यात काय आहे, कितव्या ओळीत आहे, हे तिच्या बोटांना ठाऊक. डोळे मिटून स्वयंपाकघरातला डबा काढावा तशी ती मजकूर लावायची. डॉक्टरांची पॅडं, शाळांच्या प्रश्नपत्रिका, दुकानांची बिलबुकं, सगळं तिच्या हातून गेलं. गिऱ्हाईक आत आलं की बाबांना नमस्कार करायचं आणि सरळ खिडकीकडे वळायचं. "वहिनी, जरा बघता का?" हे वाक्य ऐकलं की तिची मान जराशी उंच व्हायची. देवाने तिला मूल दिलं नाही. त्याबद्दल ती कधी बोलली नाही. पण ती खुर्ची तिची होती.

मग धाकट्या भावाचं लग्न झालं आणि धाकटी आली.

धाकटी हसरी. वहिनीच्या दृष्टीने हा तिचा पहिला गुन्हा. कॉलेजात शिकलेली, हा दुसरा. पण तिसरा सगळ्यात मोठा: ती कधी उलटून बोलायची नाही, त्यामुळे तिच्याशी भांडता यायचं नाही. वहिनी मला म्हणाली, "वन्सं, हिच्या अंगाला काही लागतच नाही. मी टोचून बोलते, आणि ही म्हणते, 'बरोबर आहे, जाऊबाई.' असं कुठे असतं का?"

त्या सुमारास कॉम्प्युटर फार म्हातारा झाला होता. सकाळी तो सुरू करून वहिनी खालचा मजला झाडून काढायची, तरी पडद्यावर ते गोल गोल फिरतच असायचं. त्यात रोज एक सूचना यायला लागली, की ही सिस्टीम आता जुनी झाली, नवी घ्या. आणि नवी या यंत्रावर चालणार नाही, असं दुरुस्तीवाल्याने सांगितलं. बाबा म्हणाले, नवा कॉम्प्युटर या वर्षी नाही.

जेवताना धाकटी हळूच म्हणाली, "बाबा, लिनक्स म्हणून दुसरी सिस्टीम आहे, ती टाकून बघायची का? जुन्या यंत्रांवर चांगली चालते. फुकट आहे. जगभरातले लोक मिळून बनवतात. आत काय आहे ते कुणीही उघडून बघू शकतं."

"फुकट?" वहिनीचा घास हातातच राहिला. "फुकट देणाऱ्याच्या मनात काय असतं ते मला ठाऊक आहे."

"जगभरातले लोक मिळून?" बाबा म्हणाले. "आपल्या घरात चौघं मिळून एक कपाट सरकवत नाहीत."

मला मात्र ते ऐकून बरं वाटलं. कुणीतरी कुठेतरी बसून काम करतो, नाव नको म्हणतो, आणि ते आपल्यासारख्याच्या टेबलावर येऊन पोचतं. मला ते देवाच्या घरचं काम वाटलं. पण मी भातावर आमटी वाढून घेतली. वहिनीच्या पंगतीला बसून धाकटीची बाजू घेणं सोपं नाही.

धाकटी शहाणी. तिने एकदम काही बदललं नाही. आधी पेनड्राइव्हवरून चालवून दाखवलं, आवडलं नाही तर काढून घेऊ म्हणाली. यंत्र असं चटकन उठलं की बाबा चष्मा पुसून पुन्हा बघायला आले. मग तिने नवी सिस्टीम जुनीच्या शेजारी बसवली. जुनी पुसली नाही. एकाच यंत्रात दोन बिऱ्हाडं. सुरू करताना यंत्र विचारणार, कुठल्या बाजूला जायचं? बाण खालीवर करायचा आणि आपली बाजू निवडायची. कामांच्या फाइली मधल्या खोलीत, दोघींना सारख्या.

पहिल्याच सकाळी आरडाओरडा. मला वाटलं, वहिनीचं बोट यंत्रात सापडलं.

"माझं नाव खाली का?"

पडद्यावर यादी होती. वर नवी बाजू, खाली जुनी.

"जाऊबाई, ते आपोआप तसं येतं. नवं वर लागतं."

"आपोआप! या घरात जे काही माझ्या विरुद्ध होतं ते आपोआपच होतं."

आणि गंमत अशी की जरा वेळ कुणी बाण हलवला नाही तर यंत्र आपणहून नव्या बाजूला निघून जायचं. वहिनी यंत्र सुरू करून पाणी प्यायला वर गेली की परत येईपर्यंत नवी बाजू उघडून बसलेली. मग ती ते पुन्हा बंद करायची, पुन्हा सुरू करायची, आणि या वेळी बाणावर बोट ठेवून पहारेकऱ्यासारखी उभी राहायची.

दुसरं भांडण घड्याळाचं. धाकटीने काम करून यंत्र बंद केलं आणि मग वहिनीने आपली बाजू उघडली की कोपऱ्यातलं घड्याळ कितीतरी तास मागे. सकाळच्या चहाला पहाट दाखवायचं. धाकटीने समजावलं, की यंत्राच्या पोटात घड्याळ एकच, पण दोन्ही बाजू ते आपापल्या पद्धतीने वाचतात. दोष कुणाचाच नाही, एक ओळ लिहिली की मिटेल. "लिहू का?"

"माझ्या बाजूला हात लावायचा नाही," वहिनी म्हणाली. तिला ते मिटायला नको होतं. ते घड्याळ म्हणजे तिच्या हातातला पुरावा होता. आलंगेलं गिऱ्हाईक तिने पडद्यापाशी नेलं. "बघा. आमच्या धाकट्या सूनबाईंची करामत. इथे काळ मागे जातो." आणि त्या घड्याळामुळे धाकटी कधी बसून गेली, हे तिला लगेच कळायचं. "आज पण बसली होती ती," असं माझ्या कानाशी येऊन सांगायची, जसं काही उशीवर कुणाचा केस सापडला.

पण खरं पोटात दुखलं ते नंतर. नवी बाजू चपळ. घाईतलं गिऱ्हाईक धाकटीकडे वळायला लागलं. शाळेचे लेखनिक, जे वर्षानुवर्षं वहिनीच्या खुर्चीमागे उभे राहायचे, ते एक दिवस दारातूनच म्हणाले, "धाकट्या ताई आहेत का?"

वहिनी खुर्चीतच होती. तिने वळूनसुद्धा पाहिलं नाही. फक्त म्हणाली, "आहेत. वर आहेत. हसताहेत."

त्या दिवशी तिने भाताचं भांडं असं आपटलं की झाकण जिन्यापर्यंत गेलं. मी झाकण उचलून आणलं तर म्हणाली, "मी एवढी वर्षं यांच्या चुका माझ्या पदरात घेतल्या. शुद्धलेखन सुधारलं. यांच्या साहेबाचं नाव तेच चुकवायचे, मीच बरोबर करायची. आणि आज धाकट्या ताई?"

"अहो, घाईत होते ते."

"तुम्ही पण तिच्याच."

मी हात जोडले. देवाला की तिला, ते माझं मला ठाऊक नाही.

त्यातच बाबांनी जेवताना जाहीर केलं. यंत्रातली जागा भरत आली होती. दोन बिऱ्हाडं म्हटल्यावर सामान दुप्पट. फाइली ठेवायला जागा उरली नव्हती. बाबा म्हणाले, "महिनाअखेर एक बाजू ठेवायची, एक काढायची. कुठली, ते मी काम बघून ठरवीन." ते उठून गेले. धाकटीने मान डोलावली. वहिनीने ताटात बोटाने रेघा ओढल्या.

एक बाजू म्हणजे एक खुर्ची, हे सगळ्यांना कळलं होतं. जुनी बाजू गेली तर वहिनीची बोटं आंधळी. नव्या बाजूला धाकटीने सगळं मराठीत लावून ठेवलेलं. आपल्याला वाटेल, मराठी शाळेत शिकलेल्या बाईला ते सोपं. पण जिने इंग्रजी शब्द चित्रासारखे पाठ केलेत, तिला मराठी शब्द म्हणजे ओळखीच्या घरात फर्निचर हलवल्यासारखं. एकदा लांबूनच बघून ती म्हणाली होती, "जतन करा म्हणे. कागद आहे की दागिना?"

मग धाकटी थोडे दिवस माहेरी गेली, तिच्या आईचा पाय मुरगळला म्हणून. दुपारी जेवण झालं की आम्ही सगळे वर आडवे होतो. मी खाली चष्मा विसरले होते, तो आणायला उतरले. वहिनी खुर्चीत. पडदा वेगळ्याच रंगाचा. मी जिन्यातच थांबले. माउस तिने असा धरला होता जसं कुणी दुसऱ्याच्या तान्ह्या बाळाला धरतं. ओठ हलत होते. "हे कुठे नेऊन ठेवलंय हिने... अगं बाई, हे इथे होय... हे बरं केलंय. मेलीने हे बरं केलंय."

शेवटचं वाक्य तिने दातांतून काढलं.

मी चष्मा न घेताच वर गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी बिलाची तारीख बघायला मी तिच्या बाजूच्या पडद्याकडे पाहिलं, तर घड्याळ कितीतरी तास मागे. धाकटी तर गावात नव्हती. वहिनीने माझी नजर पाहिली आणि पडद्याच्या कोपऱ्यावर रुमाल टाकला. "काच पुसायची आहे," म्हणाली.

तिनेच मला पुढे सांगितलं, तेव्हा मला कळलं की आत काय काय चाललं होतं. यंत्र नव्या बाजूला गेलं की आधी नावं येतात, कुणाचं खातं उघडायचं ते. तिथे दोन नावं होती. एक धाकटीचं, आणि एक वहिनीचं. धाकटीने पहिल्याच दिवशी तिच्या नावाचं खातं करून ठेवलं होतं आणि कुणाला सांगितलं नव्हतं. दुसरी कुणी असती तर विरघळली असती. वहिनीला संशय आला. "माझ्या नावाने आत काय कारभार करते आहे, ते बघायला म्हणून गेले मी," ती म्हणाली. आत सगळं रिकामं आणि स्वच्छ. फक्त अक्षरं मोठी करून ठेवलेली, कारण वहिनीला जवळचं कमी दिसतं. "मला म्हातारी समजते," ती म्हणाली. पण ती रोज जात राहिली. महिनाअखेर बाबा नवी बाजू ठेवणार असतील तर त्या बाजूलाही आपणच पुढे असलं पाहिजे, आणि हे धाकटीला न विचारता झालं पाहिजे, असा तिचा हिशोब.

आणि त्यात ते झालं. दातांच्या दवाखान्याची कार्डं होती, पुढच्या भेटीची वेळ लिहून द्यायची छोटी कार्डं. वहिनीने ती जुन्या बाजूला लावलेली, प्रूफ मंजूर झालेलं. नव्या बाजूला तीच फाइल कशी दिसते, म्हणून तिने सहज उघडली. तर अक्षरं बदललेली, म्हणजे त्यांचं वळणच, ज्याला फॉन्ट म्हणतात ते. तिकडची अक्षरं इकडे नव्हतीच, म्हणून यंत्राने आपल्याजवळची घातली. वहिनीला ते बघवेना. तिने दुसरी अक्षरं निवडली, ती रुंद निघाली. पत्ता एका ओळीत मावेना, दोन ओळी झाल्या, आणि खालचं सगळं घसरलं. जाऊ दे म्हणून बंद करायला गेली, तर यंत्राने विचारलं, बदल ठेवू का? जुन्या बाजूला 'नको' मधे असतं आणि 'बंदच करू नको' शेवटी. तिने मधलं दाबलं, ती चौकट गेली पण फाइल तिथेच. पुन्हा बंद करायला गेली, पुन्हा तोच प्रश्न, पुन्हा मधलं. वैतागून शेवटचं दाबलं. एवढी वर्षं बोटं जागेवरून काम करत आली, डोळ्यांनी वाचायची सवय कुठे? नव्या बाजूला शेवटी होतं, 'जतन करा'.

धाकटी परत आली. कामं साचली होती. तिने नव्या बाजूने ती फाइल उघडली, प्रूफ मंजूर आहे असं त्या कामाच्या पाकिटावर लिहिलेलंच होतं, आणि छापायला पाठवली. दादाने छापलं. मी कापलं. माझ्याच हाताने पात्याखाली ते गठ्ठे सरकवले आणि खालची पट्टी टोपलीत टाकली. त्या पट्टीत काय होतं, ते मी पाहिलं नाही.

दवाखान्यातली काउंटरवरची बाई खोकं घेऊनच आली.

"काका, कार्डं छान आहेत. पण दात दुखला तर माणसाने आम्हाला हाक कशी मारायची? खिडकीतून?"

बाबांनी कार्ड उलटसुलट केलं. फोन नंबर नव्हता. नंबराच्या डोक्याची फक्त जरा जरा काळी टोकं खालच्या कडेला दिसत होती.

सगळे जमले. धाकटीने पाकिटातलं प्रूफ काढलं, कार्डाशेजारी ठेवलं आणि तिचा चेहरा उतरला. "अक्षरं वेगळी आहेत. मी माझ्या बाजूने छापायला पाठवलं, तिकडची अक्षरं इकडे नाहीत. म्हणून ओळी सरकल्या असणार. मी प्रूफशी ताडून बघायला हवं होतं. बाबा, चूक माझी आहे."

मी वहिनीकडे पाहिलं. ती खुर्चीच्या पाठीला धरून उभी होती. तिचे डोळे एकदा कार्डावर, एकदा धाकटीवर. ती नव्या बाजूला जाते हे मला ठाऊक होतं आणि मला ठाऊक आहे हे तिला ठाऊक होतं. मी मनात देवाचं नाव घेत होते, आणि कुणाच्या बाजूने घेते आहे हे मलाच कळत नव्हतं.

बाबा खुर्चीत मागे रेलले. "मग महिनाअखेरीची वाट कशाला बघायची? अक्षरंच पळवणार असेल तर ती नवी बाजू आपल्या कामाची नाही. काढून टाका. जुनी राहू दे."

"बरं, बाबा," धाकटी म्हणाली. डोळे भरून आलेले, पण आवाज सरळ.

झालं. वहिनीला काही करायचंच नव्हतं. गप्प बसायचं, एवढंच. खुर्ची तिची, यादी तिची, शाळेचे लेखनिक पुन्हा तिच्या पाठीमागे उभे. मी तिच्या खांद्याकडे बघत होते. तो हळूहळू सैल होत होता.

आणि तेवढ्यात ती दवाखान्यातली बाई म्हणाली, "पण काही म्हणा काका, अशी सरळ चूक कबूल करणारी माणसं आता कुठे दिसतात? मी डॉक्टरांना सांगते. पुढची कामं पण तुमच्याकडेच."

बाबांचा आवाज मऊ झाला. "पोर गुणाची आहे हो. नुकसान झालं ते झालं, भरून काढू. पण हा स्वभाव शिकवून येत नाही."

"खरंय," दादा मागून म्हणाला. शाईचे हात पुसत, अगदी मनापासून.

दादा म्हणाला तेच नको होतं. बाबांचं कौतुक वहिनी गिळू शकली असती, त्या बाईचंही. पण दादाने तिच्या कामाला एवढ्या वर्षांत कधी 'खरंय' म्हटलं नव्हतं. तिच्या मानेवर लाली चढली, ती कानापर्यंत गेली.

"काय खरंय?" ती ओरडली. "काय खरंय हो? तिने काही केलेलंच नाही! ती इथे होती तरी का? माहेरी होती! ते मी केलंय!"

दादाने वळून छपाईचं यंत्र बंद केलं.

"माझी फाइल, माझं कार्ड, मी उघडलं, मी अक्षरं बदलली, मी ते मेलं जतन केलं. चूक माझी आहे. आणि तिला म्हणे गुणाची! केलं मी आणि गुण तिचे? एवढं पण माझ्या नावावर राहू देऊ नका!"

धाकटीचं तोंड उघडंच राहिलं. मग ते हळूहळू हसायला लागलं, आणि तिने वहिनीचे दोन्ही हात धरले. "जाऊबाई! तुम्ही नव्या बाजूला गेला होतात? खरंच?"

"हात सोड. रोज जाते. तू नसतेस तेव्हा जाते."

"आणि अक्षरं बदलता आली? मला ती निवडायची जागा सापडायलाच कितीतरी वेळ गेला होता."

"मला लगेच सापडली," वहिनी म्हणाली, आणि मग तिलाच कळलं की ती काय बोलून बसली.

बाबा चष्म्यावरून बघत होते. "म्हणजे तुला ते चालवता येतं?"

वहिनी काय करणार? नाही म्हणावं तर धाकटीसमोर हार. हो म्हणावं तर... "येतं," ती म्हणाली. "तिच्यापेक्षा बरं येईल, जरा हात बसला की."

"मग तर प्रश्नच मिटला," बाबा म्हणाले. "दोघींना येतं. म्हातारं यंत्र पळतंही त्याच बाजूने. जुनी कुणासाठी ठेवायची? तिकडची अक्षरं तेवढी इकडे आणून घ्या आणि ती बाजू काढा."

वहिनी मटकन खाली बसली. स्वतःच्या उशीवर. जिंकलेला डाव तिने आपल्या तोंडाने घालवला होता, आणि घालवला तोही दुसरीला शाबासकी मिळू नये म्हणून. दवाखान्यातल्या बाईला यातलं काही कळलं नाही. तिने खोकं ठेवलं, कार्डं लवकर हवीत म्हणाली आणि गेली. दादा यंत्रापाशी गेला. जाताना वहिनीच्या जवळ जरासा थांबला, काहीतरी म्हणावं असं त्याला वाटलं असावं. पण काय म्हटलं की काय पेटेल याचा नेम नाही, म्हणून नुसता खोकला.

मी गठ्ठे मोजायच्या निमित्ताने तिथेच घुटमळत होते. वहिनीने पडद्याकडे तोंड फिरवलं.  मग धाकटीकडे न बघता म्हणाली, "ती अक्षरं इकडे कशी आणायची?"

एवढ्या वर्षांत मी तिला त्या खुर्चीतून कुणाला काही विचारताना पाहिलं नव्हतं.

"दाखवते," धाकटी पुढे झाली.

"तिथूनच. मागे उभी राहून सांग. खुर्चीत यायचं नाही. माउसला पण हात लावायचा नाही."

"नाही लावत. आधी जुन्या बाजूच्या फोल्डरमध्ये जा. तिथे अक्षरांची पेटी आहे ना, ती. हं. आता सगळी निवडा. आता उजवं बटन."

"एवढ्या भराभर बोलू नको. आणि एवढं हळू पण बोलू नको, मी काही बालवाडीत नाही."

"बरोबर आहे, जाऊबाई."

"ते 'बरोबर आहे' बंद कर आधी."

जुनी अक्षरं नव्या बाजूला आली, वहिनीने ती कार्डाला लावली. पत्त्याची ओळ पुन्हा एका ओळीत बसली, फोन नंबर वर चढला, कापायच्या रेघेच्या बराच वर. वहिनीने पडद्यावर पट्टी ठेवून अंतर बघितलं. मग बंद करताना चौकट आली, बदल ठेवू का? तिचं बोट सवयीने निघालं आणि हवेत थांबलं. तिने ओठ हलवत तीनही शब्द वाचले, एकेक अक्षर लावून, पहिलीतल्या मुलीसारखे. मग शेवटचं दाबलं.

कार्डं पुन्हा छापली. या वेळी मी पात्याखाली घालायच्या आधी प्रत्येक गठ्ठ्याचं वरचं कार्ड वाचलं. धाकटीला वरून कुणीतरी हाक मारली म्हणून ती गेली, आणि वहिनी खुर्ची फिरवून माझ्याकडे वळली.

"वन्सं, ऐकलंत ना? मला शिकवताना आवाज किती गोड करते ती. लोकांना दाखवायला."

"लोक कुठे आहेत इथे? मीच तर आहे."

"मग तुम्हाला दाखवायला," वहिनी म्हणाली, आणि दुसरी फाइल उघडली.